चालता लेंगा: फ्रेस्नो नाइटक्रॉलर घरच्याघरी कसा बनवायचा

ज्यांनी अजून बघितला नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. समजा दोरीवर वाळत घातलेला पांढरा लेंगा रात्री आपला आपण खाली उतरला आणि अंगणातून शांतपणे चालत निघाला. वर सदरा नाही, हात नाहीत, पोट नाही, नाडीच्या जागी डायरेक्ट एवढंसं डोकं. झालं, हाच फ्रेस्नो नाइटक्रॉलर. फ्रेस्नो म्हणजे अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या मधल्या खोऱ्यातलं शेतीवालं शहर, आपल्याकडे बेदाणा म्हटलं की तासगाव-सांगली तसं तिकडे फ्रेस्नो. तिथल्या एका घराच्या सिक्युरिटी कॅमेऱ्यात हा लेंगा लॉनवरून चालताना दिसला. ज्याच्या घरचा कॅमेरा तो माणूस जगाला फक्त 'होजे' या नावाने माहीत आहे. क्लिप आधी तिथल्या स्पॅनिश टीव्ही-रेडिओवाल्यांकडे गेली, मग सायफाय चॅनेलवर २०१० मध्ये सुरू झालेल्या फॅक्ट ऑर फेक्ड या शोने ती उचलली आणि तिथून यूट्यूबवर जी पसरली ती पसरलीच. नंतर योसेमिटी पार्कच्या बाजूची अजून एक क्लिप आली, तिच्यात असेच दोन लेंगे, एक मोठा एक छोटा, उतारावरून चाललेत, जणू बाप-लेक फिरायला निघालेत.

आता या प्राण्याबद्दल लोक दोन प्रकारे भांडतात. एक पार्टी म्हणते एलियन आहे किंवा तिथल्या आदिवासींच्या जुन्या गोष्टींमध्ये आहे (कुठल्या जमातीच्या, असं विचारलं की शांतता). दुसरी पार्टी म्हणते बाहुली आहे, विषय संपला. मला दोन्हीत रस नाही. मी म्हटलं भांडण्यापेक्षा बनवून बघू, म्हणजे कळेल तरी की असला व्हिडिओ करायला काय लागतं. लागलं काय, तर एक जुना लेंगा, दोन रात्री आणि नववीतला भाचा. खाली लिहितेय ते सगळं आम्ही डोंबिवलीच्या बिल्डिंगमध्ये करून बघितलेलं आहे, चुकांसकट.

सर्वात आधी परवानगी. हसू नका, हीच पहिली पायरी आहे. सोसायटीचा कॅमेरा वापरायचा तर सेक्रेटरींना सांगा, वॉचमन काकांना दोनदा सांगा, आणि ज्यांची खिडकी त्या बाजूला उघडते त्या प्रत्येक घरी सांगून या. आम्ही दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना सांगायला विसरलो. त्या रात्री पाणी प्यायला उठल्या, खाली बघितलं आणि घाबरल्या वगैरे अजिबात नाहीत, खिडकीतून ओरडल्या, "मेल्यांनो, कपडे वाळत घालायची वेळ आहे का ही!" म्हणजे प्रत्यक्ष डोळ्याला तो लेंगाच दिसत होता. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जागा निवडताना एकच गोष्ट बघायची, कॅमेऱ्याच्या फ्रेमची वरची कड कुठे संपते. आमचा पार्किंगचा कॅमेरा खाली बघतो, पहिल्या मजल्याची कॉमन गॅलरी त्याच्या फ्रेममध्ये येतच नाही. म्हणजे गॅलरीत उभं राहून काठी धरून चालायचं आणि बाहुली खाली पार्किंगमध्ये चालणार. चाळ असेल तर तुमच्यासारखे नशीबवान तुम्हीच, लांबलचक गॅलरी आणि खाली चौक, यापेक्षा भारी स्टुडिओ मिळणार नाही. आणि यातूनच असल्या क्लिप बघायची पहिली सवय लागते. भूत काय करतंय ते नंतर बघायचं, आधी विचारायचं की फ्रेमच्या वर काय आहे. झाड आहे का, गच्ची आहे का, वायर आहे का. कॅमेरा जे दाखवत नाही तिथेच सगळा कारभार चालतो.

बाहुली. मोठ्या माणसाचा लेंगा घेऊ नका, जड होतो आणि वाऱ्याने फुगतो. लहान मुलाचा पांढरा सुती लेंगा किंवा जुन्या चादरीचे दोन निमुळते पाय शिवून घ्या, पायाची लांबी साधारण ६० सेंटिमीटर. कमरेत हँगरची तार वाकवून घाला म्हणजे खांद्यासारखा थोडा आकार येतो. डोक्याला टेबल टेनिसचा बॉल किंवा थर्माकोलचा गोळा, तोही त्याच पांढऱ्या कापडात गुंडाळलेला. डोळे काढू नका. आम्ही पहिल्या दिवशी मार्करने डोळे काढले आणि तो एकदम बालनाट्यातला वाटायला लागला, सगळी भीती गेली. दोन्ही पायांच्या तळाला हेममध्ये लोखंडी वॉशर शिवा, एका पायात तीन-चार पुरतात. वजन नसेल तर पाय हवेत फडफडतात आणि मग ते कपडे वाटतात, पाय नाही. वजन आलं की पाय झुलतो, झुलला की पाऊल टाकल्यासारखं दिसतं. अख्खी जादू त्या वॉशरमध्ये आहे असं म्हटलं तरी चालेल.

मग दोऱ्या. दुकानात जाऊन सरळ तंगूस मागा, म्हणजे मासेमारीचा पारदर्शक नायलॉन दोरा, ०.३ मिलिमीटरच्या आसपासचा. दोन तंगूस कमरेच्या तारेला डावी-उजवीकडे, दोन गुडघ्यांच्या जागी. वर एक काठी, तिला आडवी एक छोटी पट्टी, टी आकारात. कमरेचे तंगूस काठीला आणि गुडघ्यांचे पट्टीच्या दोन टोकांना. मनगट डावीकडे-उजवीकडे कलवलं की एकेक गुडघा वर येतो. ही काही माझी अक्कल नाही, कळसूत्री बाहुल्या पिढ्यानपिढ्या अशाच चालतायत. सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजातले कलाकार अजून हे करतात, तिथल्या परशुराम गंगावणेंना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या हातातली बाहुली बघा आणि मग माझ्या भाच्याच्या हातातली बघा, रडू येईल. पण इथे गंमत अशी आहे की नाइटक्रॉलरसाठी चांगला हात लागतच नाही. थोडा अडखळणारा, थोडा तरंगणारा, अंदाज न येणारा चालच हवाय. पिंगुळीवाल्यांनी केलं तर लेंगा इतका छान चालेल की लगेच कळेल कोणीतरी चालवतंय.

आता सगळे विचारतात तो प्रश्न, दोरी दिसत कशी नाही. इथे थोडं गणित करू, अवघड नाही. जुन्या व्हीएचएस टेपवर, म्हणजे व्हिडिओ कॅसेटवर, आडवा तपशील फार कमी मावतो, अख्ख्या फ्रेमच्या रुंदीत ढोबळ ३२० ठिपके धरा. कॅमेऱ्यासमोर ८ मीटर रुंद अंगण असेल तर एका ठिपक्यात अडीच सेंटिमीटर जागा आली. आपला तंगूस ०.३ मिलिमीटर, म्हणजे एका ठिपक्याच्याही ऐंशीवा भाग. दिसणार कुठून. बरं आजचा फुल एचडी कॅमेरा घ्या, रुंदीत १९२० पिक्सेल, तरी एका पिक्सेलमध्ये ४ मिलिमीटर येतात आणि तंगूस त्याच्या चौदाव्या भागाइतकाच. म्हणजे "दोरी दिसत नाही म्हणून बाहुली नाही" हे वाक्य ऐकलं की समजून जा, बोलणाऱ्याने कधी भागाकार करून बघितलेला नाही.

फक्त एक घोळ आहे. तंगूस चमकतो. रात्री सीसीटीव्हीच्या भोवतीचे इन्फ्रारेड एलईडी (आपल्या डोळ्याला न दिसणारा उजेड टाकणारे बारीक दिवे) पेटतात आणि ते जर थेट तंगुसावर पडले तर इतकी बारीक गोष्टही रेघ म्हणून उजळते, जसा कॅमेऱ्यासमोर कोळ्याने जाळं केलं की पांढरं फटक दिसतं तसं. उपाय साधा, बाहुली कॅमेऱ्यापासून लांब न्या. अंतर दुप्पट केलं की तिथे पोचणारा उजेड चौथाई होतो. आम्ही ५ मीटरवर केलं तेव्हा दोन तंगूस चकाकले, १० मीटरच्या पुढे गेलो आणि गायब.

इन्फ्रारेडने आमचा अजून एक पोपट केला, तो सांगते कारण तुम्हीही तीच चूक करणार. पहिल्या रात्री आम्हाला वाटलं गॅलरी-बिलरी कशाला, भाच्याला काळे कपडे घालू, तो मागून काठीने बाहुली धरेल, अंधारात काळा माणूस कोणाला दिसतोय. डोळ्याला खरंच दिसत नव्हता. डीव्हीआरवर (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा) बघितलं तर काळी ट्रॅकपँट चक्क पांढरट राखाडी! कारण आपल्या डोळ्याला काळे दिसणारे बरेच रंग, खासकरून सिंथेटिक कपड्यांवरचे, इन्फ्रारेड उजेड गिळत नाहीत, परत फेकतात. कॅमेरा नाइट मोडला गेला की सेन्सरपुढची इन्फ्रारेड अडवणारी काच बाजूला होते, तो टक आवाज येतो ना तोच, आणि मग त्याचं जग आणि आपलं जग वेगळं. म्हणून नाइट मोडच्या क्लिपमध्ये "पांढरी आकृती" दिसली याचा अर्थ ती पांढरी होती असा होत नाही. काळी साडी नेसलेली बाई पण हडळ दिसू शकते. डोळे चमकणारं मांजर, लेन्ससमोरून गेलेला किडा जो मोठा गोळा होऊन तरंगतो, हे सगळे याच घराण्यातले. धूळ आणि किडे लेन्सच्या अगदी जवळ असतात, एलईडीही तिथेच, म्हणून ते पेटतात आणि फोकसबाहेर असल्यामुळे गोल फुगतात. आत्मा-बित्मा काही नाही, डास आहे.

शूटिंग करताना कॅमेऱ्याची सेटिंग वाढवू नका, उलट जितकी खराब तितकी चांगली. फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, १५ वर असेल तर राहू द्या, हाताचे झटके त्यात लपतात. अंधारात शटर हळू चालतं म्हणून पाय हलताना पुसट होतात, कापडाची शिवण दिसत नाही. वर डीव्हीआर जागा वाचवायला चित्र दाबतो आणि काळोखातले बारीक तपशील पहिले उडवतो. यातलं एकही आपण करत नाही, मशीनच आपल्या वतीने करतं. हे मला सगळ्यात भारी वाटलं. आपण म्हणतो "अरेरे क्वालिटी खराब आहे नाहीतर नीट कळलं असतं", पण क्वालिटी खराब आहे म्हणून तर तो प्राणी आहे. आजींना खिडकीतून जो लेंगा दिसला त्याचाच कॅमेऱ्याने नाइटक्रॉलर केला.

स्पीड मात्र तुम्हाला करावा लागेल, आणि यात बहुतेकांचं बिंग फुटतं. ६० सेंटिमीटरचा पाय हा लोलकच आहे, आठवा आठवी-नववीचं विज्ञान. तेवढ्या लांबीचा लोलक एक फेरी साधारण १.५५ सेकंदात मारतो, १२० सेंटिमीटरचा २.२ सेकंदात. म्हणजे छोटी बाहुली आपली आपण चुरूचुरू चालते आणि बघणाऱ्याला कारण कळलं नाही तरी "हे छोटं आहे" एवढं कळतं. तिला दुप्पट उंच भासवायचं तर व्हिडिओ ०.७ स्पीडने चालवा. लांबी दुप्पट म्हणजे वेळ वर्गमूळ दोन पट, झालं. सिनेमावाले छोटी मॉडेल्स शूट करताना याच हिशोबाने स्पीड लावतात. आणि हाच गोंधळ कॅलिफोर्नियाच्याच दुसऱ्या, खूप जुन्या सेलिब्रिटीचा आहे. २० ऑक्टोबर १९६७ ला ब्लफ क्रीकला रॉजर पॅटरसन आणि बॉब गिमलिन यांनी बिगफूटची, म्हणजे तिकडच्या जंगलातल्या त्या केसाळ माणूस-प्राण्याची, जी १६ एमएमची फिल्म काढली ती सेकंदाला नक्की किती फ्रेमने काढली होती, १६, १८ की २४, यावर लोक अजून भांडतायत, कारण एका आकड्याने तो माणसासारखा चालतो आणि दुसऱ्याने नाही. फ्रेम रेट माहीत नसलेल्या क्लिपवरून चालीबद्दल कोणी छातीठोक बोलत असेल तर चहा मागवा आणि विषय बदला.

उंचीचंही तसंच. फ्रेममध्ये ओळखीची वस्तू ठेवू नका, स्कूटर नको, बादली नको, कुंडी तर नकोच. आम्ही पहिल्या टेकमध्ये स्कूटर बाजूला उभी राहू दिली आणि आमचा नाइटक्रॉलर स्कूटरच्या सीटलाही पोचेना, सगळे हसून लोळले. १९३४ चा स्कॉटलंडच्या लॉख नेस तळ्यातल्या राक्षसाचा तो प्रसिद्ध फोटो, लांब मान पाण्याबाहेर, तो छापताना जवळून कातरलेला होता. पूर्ण फोटोत आजूबाजूचं पाणी जास्त दिसतं आणि राक्षस बिचारा एकदम लहान वाटतो. ती खेळण्यातली पाणबुडी होती आणि वर डोकं-मान चिकटवलेली, हे १९९४ मध्ये बाहेर आलं, तोवर साठ वर्षं लोक राक्षस शोधत फिरत होते. म्हणून क्लिप बघताना वस्तू शोधा. खांब, फाटक, गाडीचं चाक. सापडलं तर मोजा. काहीच नसेल तर ते का नाही, तेही विचारा.

शेवटचा हात म्हणजे कॉपी करणं. डीव्हीआरची फाइल पेन ड्राइव्हवर काढून जशीच्या तशी पाठवलीत तर मजा जाते. ती टीव्हीवर लावा, खोलीतले दिवे बंद करा आणि मोबाइलने टीव्हीचं शूटिंग करा, हात थोडा हलू द्या. स्क्रीनच्या लाटा येतात, पट्टे पळतात, उरलासुरला तपशील मरतो आणि बघणाऱ्याला वाटतं काहीतरी गुपचूप मिळवलेलं फुटेज आहे. वर एक चूक पण मुद्दाम नका करू, ती आपोआप होतेच, डीव्हीआरचं घड्याळ. आमच्याकडे ते तीन तास मागे होतं, म्हणजे रात्री दीडला केलेलं शूट साडेदहाचं दिसत होतं. कोपऱ्यातली तारीख-वेळ पुरावा म्हणून दाखवणाऱ्यांनी आपल्या सोसायटीचं डीव्हीआर एकदा बघून यावं. आणि फ्रेस्नोच्या क्लिपचंही तेच, आपण सगळे बघतो ती कॉपीची कॉपी आहे. कुठलीही क्लिप आली की पहिला फोन "मूळ फाइल कुठाय" याच प्रश्नासाठी करायचा.

आता मी प्रामाणिकपणे सांगते, आमचा व्हिडिओ फ्रेस्नोसारखा हुबेहूब नाही झाला. मूळ क्लिपमधली ती लांब, संथ, जरा उदास चाल आम्हाला जमली नाही, आमचा थोडा दारू पिऊन घरी चाललेला वाटतो. आणि आम्हाला जमलं म्हणजे त्यांनीही असंच केलं, असं सिद्ध होत नाही, एवढं मान्य. कॅप्टन डिसइल्यूजन नावाचा यूट्यूबवाला, जो असल्या क्लिपांची चिरफाड करतो, त्यानेही बाहुलीकडेच बोट दाखवलंय. पण मला सिद्ध करायचं नव्हतंच, किती कमी सामानात होतं ते बघायचं होतं. आमचा खर्च अडीचशे रुपयेही झाला नाही, त्यातही अर्धे वडापावचे. आणि खरं सांगू, करून झाल्यावर तो लेंगा मला जास्तच आवडायला लागला. असल्या गोष्टींमधले बाकीचे गूढ प्राणी बकऱ्यांचं रक्त पितात, माणसं पळवतात, हा बापडा फक्त चालतो. कोणाला काही करत नाही, कुठे जायचं तिकडे जातो. तिकडे लोक त्याचे टी-शर्ट, स्टिकर, मऊ बाहुल्या करून विकतात ते उगाच नाही.

आता पाठवायचं कसं, कारण पाठवणार तुम्ही आहातच. "ही आमची बाहुली आहे" असं खाली कॅप्शनमध्ये लिहून पाठवू नका. कॅप्शन पहिल्या फॉरवर्डला गळून पडतं. ते अक्षरं म्हणून व्हिडिओच्या आतच टाका, मधोमध, पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत, कोपऱ्यात नको कारण कोपरा कातरता येतो. आणि शेवटी काठी धरलेला माणूस दाखवला की झालं असंही समजू नका, शेवट तर सगळ्यात आधी कापतात. २०१८ ला मुलं पळवणाऱ्या टोळीच्या ज्या क्लिपा फिरत होत्या त्यातली एक मुळात कराचीतली मुलांच्या सुरक्षेची जाहिरात होती. बाइकवाले मूल उचलतात, आणि शेवटी परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात, की बघा किती सोपं आहे, मुलांवर लक्ष ठेवा. ते शेवटचं कापलं आणि उरलेलं देशभर गेलं. त्याच अफवांच्या काळात १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागायला आलेल्या पाच जणांना जमावाने मारून टाकलं, नाथपंथी डवरी गोसावी समाजातले होते. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा जाहीर केली. म्हणून लेंगाच बनवा, माणसासारखं दिसणारं काही बनवू नका, कोणाचा चेहरा नको, कुठल्या समाजाचा वाटेल असा पोशाख नको, मूल तर अजिबात नको. आणि गावाचं नाव घालून "आमच्याकडे दिसला" असं तर चुकूनसुद्धा नाही.

आमच्या व्हिडिओवर मोठ्या पिवळ्या अक्षरात मधोमध लिहिलंय, बाहुली आहे, डोंबिवलीत गॅलरीतून चालवली. तरी तिसऱ्या दिवशी माझ्याच मोबाइलवर आला, चुलत सासऱ्यांकडून, पिवळी अक्षरं तशीच, आणि खाली त्यांनी लिहिलेलं, "खरं आहे का गं हे?" मी फोन करून सांगितलं, काका, वर लिहिलंय बघा. म्हणाले, हो वाचलं, पण म्हटलं तुला विचारावं. वॉशर तेवढे काढून घेतलेत, लेंगा धुऊन परत दोरीवर आहे.